कोंबडीच्या पिल्लांचे पाय लुळे पडणे : निदान व उपचार

पांढुर्णा व सौसर या दोन तहसिलींचा मुलूख संत्र्यांच्या बागा, कपाशी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार यांकरिता सर्वांस ठाऊक आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन या मुलखाचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील घरांमागच्या आवारात ज्या आठ-दहा कोंबड्या हिंडत असतात, त्यांचा मात्र कोठे फारसा उल्लेख होत नाही. तथापि मुलांच्या वह्या, मीठ-मिरची, एखादे किरकोळ औषध असा खर्च पुष्कळ घरांतून अंड्यांच्या पैशावर भागतो आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्याच हाती असतो. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तलंगा एकामागून एक पाय ओढू लागल्या, म्हणजे तिचे सहा महिन्यांचे कष्ट वाया जातात.

अशा वेळी कोणी पायांस तेल चोळतो, कोणी डाग देतो, तर कोणी बाजारातून शक्तीच्या औषधाची बाटली आणतो. काही पिल्ले बरी होतात, काही मरतात. जी बरी होतात त्यांचे श्रेय डागाला मिळते. वस्तुतः पाय लुळे पडणे हे केवळ लक्षण होय व ते अनेक निरनिराळ्या कारणांनी उद्भवते. त्यांपैकी काही कारणे दोन दिवसांत दूर करता येतात, तर एका रोगावर जगात कोठेही औषध नाही. कोणत्या पिल्लावर खर्च करावा आणि कोणत्यावर करू नये, हे औषधापूर्वीच ठरवावे लागते. त्याकरिता सर्वप्रथम पिल्लाचे वय विचारावे आणि मग ते बसते कसे ते पाहावे.

पिल्लू एक ते तीन आठवड्यांचे असेल, पायाची बोटे मुठीसारखी आत वळली असतील, ते गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर टेकून सरकत असेल आणि तरीही डोळे तरतरीत असून दाणा टिपण्याची त्याची धडपड चालू असेल, तर ब-२ जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची उणीव आहे असे समजावे. तांदळाची कणी अथवा ज्वारीचा भरडा एवढ्यावरच वाढविलेल्या पिल्लांत ही उणीव हटकून आढळते, कारण धान्यात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. पिल्लांच्या एक किलो खाद्यात ते सुमारे ३.६ मिलिग्रॅम असावे लागते. आईबरोबर उकिरडा उकरणारे पिल्लू किडे व कोवळा पाला खाऊन ही तूट भरून काढते. डालग्याखाली कोंडलेल्या किंवा फेरीवाल्याकडून घेतलेल्या आईविना पिल्लास ती सोय नसते.

यावर उपाय सोपा आहे. एका पिल्लास १०० मायक्रोग्रॅम रायबोफ्लेविन लागोपाठ दोन दिवस तोंडाने मिळाले व पुढे खाद्य सुधारले, तर बहुतेक पिल्ले उभी राहतात. ही मात्रा अतिशय सूक्ष्म असल्याने दवाखान्यातून पाण्यात विरघळणारे ब-जीवनसत्त्वांचे औषध आणून सांगितलेल्या प्रमाणात द्यावे. औषधाचे पाणी रोज ताजे करावे व भांडे सावलीत ठेवावे, कारण उजेडाने हे जीवनसत्त्व नाश पावते. घरात ताक असेल तर भरडा त्यात कालवून द्यावा. शेवग्याचा किंवा मेथीचा बारीक चिरलेला पाला, उकडून कुस्करलेले अंडे अथवा काळीज यांचाही चांगला उपयोग होतो. मात्र विलंब करू नये. बोटे बरेच दिवस वळलेली राहिली, तर मज्जातंतूंची हानी कायमची होते व मग कितीही औषध दिले तरी ती सरळ होत नाहीत. अंडी उबवणीस ठेवावयाची असतील, तर ती घालणाऱ्या कोंबडीलाही आधीपासून पाला व ताक मिळावे. तिच्या अंगी उणीव असल्यास गर्भ अंड्यातच मरतात.

याउलट पिल्लू दीड ते पाच महिन्यांचे असून एक पाय पुढे व एक मागे ताणून कुशीवर पडलेले असेल, एखादा पंख लोंबत असेल, खाऊनही छातीचे हाड वर आले असेल, क्वचित डोळ्याची बाहुली वेडीवाकडी होऊन बुबुळ राखी दिसत असेल, तर तो मॅरेकचा रोग होय. बुडापेस्टचे पशुवैद्य योझेफ मॅरेक यांनी १९०७ साली त्याचे प्रथम वर्णन केले. तो एका विषाणूमुळे होतो हे १९६७ साली सिद्ध झाले. हा विषाणू कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्यावाटे धुळीत मिसळतो व खुराड्यात महिनोन्महिने जिवंत राहतो. पिल्लू श्वासावाटे तो पहिल्या काही दिवसांतच घेते. पाय मात्र दोन-तीन महिन्यांनी पडतो. त्यामुळे कारण व परिणाम यांची सांगड कोणाच्याच ध्यानी येत नाही. देशी कोंबडी काटक म्हणून तिला हा रोग होत नाही, हा समजही बरोबर नाही.

या रोगाची खात्री शवविच्छेदनाने करता येते. मांडीतून जाणारा जाड मज्जातंतू एरवी पांढरा व त्यावर बारीक आडव्या रेघा असलेला दिसतो. रोगात एका बाजूचा तंतू दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुजून पिवळसर होतो व रेघा नाहीशा होतात. एक मेलेले पिल्लू तत्परतेने दवाखान्यात पोहोचविल्यास उरलेल्या दहांवरचा निष्फळ खर्च वाचतो. लागण झालेल्या पक्ष्यावर औषध नाही आणि ही गोष्ट पशुपालकास स्पष्टपणे सांगणे हेच योग्य. असे पक्षी वेगळे काढून नष्ट करावेत. माणसास हा रोग होत नाही.

लस उपलब्ध आहे. परंतु ती पिल्लू अंड्याबाहेर आल्याच्या पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. पुढे टोचून लाभ नाही. लस टोचल्यावरही काही दिवस पिल्लांस जुन्या कोंबड्यांपासून व जुन्या खुराड्यापासून दूर ठेवावे, कारण प्रतिकारशक्ती यावयास वेळ लागतो. खरी अडचण निराळीच आहे. लसीची कुपी शेकडो मात्रांची असते, कालविल्यावर ती एक-दोन तासांत संपवावी लागते आणि खुडूक कोंबडीखाली निघतात दहा-बारा पिल्ले! एकट्या घरास ही लस परवडणे शक्य नाही. गावातील दहा-पंधरा घरांनी मिळून एकाच दिवशी अंडी बसविली, तर एकविसाव्या दिवशी शंभर-सव्वाशे पिल्ले एकत्र निघतील व दवाखान्यास आधी कळवून लस मागविता येईल. ही जुळवाजुळव ग्रामपंचायतीस किंवा बचत गटास अवघड नाही. विकत घेतलेल्या पिल्लांच्या बाबतीत पहिल्या दिवशी मॅरेकची लस टोचली होती काय, हे विक्रेत्यास विचारूनच पैसे द्यावेत.

आणखी काही कारणे थोडक्यात पाहावयाची आहेत. चोच बोटाने दाबल्यास रबरासारखी वाकत असेल, तर तो मुडदूस होय. पावसाळ्यात अंधाऱ्या खोलीत कोंडलेल्या पिल्लांत तो दिसतो व सकाळचे ऊन, शिंपल्यांचा चुरा आणि ड जीवनसत्त्व यांनी आटोक्यात येतो. गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या नवजात पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात. ते मऊ पट्टीने एकमेकांशी सैल बांधून खाली खरखरीत गोणपाट अंथरावे. मान वाकडी होणे, हिरवट हगवण आणि धाप यांसह पाय गेले, तर मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाचा संशय घ्यावा. त्याची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. मानेसह सारे अंग ढिले पडले, तर कुजलेल्या मांसावरचे किडे खाण्यात आले काय ते पाहावे. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे आवारात सांडते, तेही पिल्लांस घातक ठरते.

गोचिडांकडे तर सहसा कोणी पाहतच नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत त्या दिवसा लपतात व रात्री कोंबड्यांचे रक्त पितात, म्हणून दिवसा खुराडे स्वच्छच वाटते. रात्री विजेरी घेऊन पाहावे. पिल्लांच्या पंखांखाली चिकटलेल्या गोचिडांच्या अळ्यांनीही पाय लुळे पडतात; त्या काढून टाकल्यास पिल्लू बहुधा सावरते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात मात्र पशुवैद्यकाकडून पेनिसिलिन टोचून घ्यावे लागते. भेगा मातीने लिंपून वर चुना द्यावा.

शिक्षकांनी वळलेल्या बोटांचे पिल्लू व एक पाय पुढे, एक पाय मागे टाकलेली तलंग अशी दोन चित्रे फळ्यावर काढून दाखविल्यास मुले ती घरी जाऊन सांगतील. दवाखान्यात जाताना पिल्लाचे वय, ते काय खाते, किती पिल्लांपैकी कितींचे पाय गेले आणि कोणती लस कधी दिली होती, हे एका कागदावर लिहून न्यावे. पिल्लू मेले असल्यास ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी, विशेषतः उन्हाळ्यात, त्याच्या मज्जातंतूंवरून काहीही सांगता येत नाही.