देव एक, मग त्रैक्य कसे?

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून मराठीत ख्रिस्ती उपासना होत आली आहे. बाप्तिस्मा दिला जातो तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मग हे तीन देव झाले का? ख्रिस्ती उत्तर ठाम नकाराचे आहे: देव एक, तत्त्व एक, व्यक्ती तीन; हेच त्रैक्य. हे पचायला जड खरेच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्य आणि येशूचे देवत्व यांवरून त्या तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालतच राहिल्या.

नेहमीचा आक्षेप असा, की येशू केवळ थोर गुरू. त्याला देव केले ते सम्राट कॉन्स्टंटाइनने, इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेत. पुरावा मात्र वेगळे सांगतो. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हीच श्रद्धा सांगणारी प्रेषित पौलाची पत्रे त्याहूनही निदान अर्धशतक जुनी. नायसियात प्रश्न होता तो एवढाच, की पुत्र निर्माण केलेला की पित्याशी एकतत्त्व? बरे, सम्राटाची मर्जीच निर्णायक असती, तर नायसियाच्या ‘एकतत्त्व’ या निर्णयाचा कैवारी बिशप अथनेशियस पाचदा हद्दपार झाला नसता, आणि तेही पहिल्यांदा खुद्द कॉन्स्टंटाइनकडून! अर्थात, यातून श्रद्धेचे प्राचीनत्व सिद्ध होते, सत्यता नव्हे. येशू तहानला, त्याने प्रार्थना केली, मग तो देव कसा, हा प्रश्न उरतोच. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेचे उत्तर: तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्यही.