छाती आणि पोट यांमधील पडदा

उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढीत आहे, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः त्या वेळीं स्वतःची आठवण करून देत असतो तो छाती व पोट यांच्यामधला एक स्नायूचा पडदा. एरवीं तो कोणाच्या ध्यानींमनीं नसतो. घुमटासारख्या आकाराच्या या पडद्यास मध्यपटल म्हणतात. श्वास आंत घेतला कीं तो खालीं उतरतो, सोडला कीं वर जातो. आणि पहिल्या श्वासापासून शेवटच्या श्वासापर्यंत त्याची ही चाकरी अखंड चालते. त्याच्या वर हृदय व फुफ्फुसें. खालीं जठर, यकृत, प्लीहा व आतडीं. दोन बिऱ्हाडांमधली भिंत असावी तसा तो आहे. अन्ननलिका व मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या जाण्यायेण्यापुरतीं द्वारें निसर्गानें त्यांत ठेविलीं आहेत.

या भिंतीस भलत्या ठिकाणीं भगदाड पडलें, किंवा असलेलें द्वार प्रमाणाबाहेर सैल झालें, तर खालच्या बिऱ्हाडांतील सामान वरच्या बिऱ्हाडांत शिरूं लागतें. यासच मध्यपटलाचा अंतर्गळ म्हणतात. जांघेंतील अंतर्गळ पुष्कळांच्या परिचयाचा असतो. तेथें फुगवटी डोळ्यांस दिसते व हातास लागते. मध्यपटलाच्या अंतर्गळाची गोष्ट निराळी. तो बरगड्यांच्या पिंजऱ्याआड घडतो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि म्हणूनच तो फसवा ठरतो.

प्रौढ माणसांत हा विकार तीन वाटांनीं येतो. पहिली वाट अन्ननलिकेच्या द्वाराची. वयोमानानें वा स्थूलतेनें हें द्वार सैल होतें व जठराचा वरचा भाग त्यांतून वर घसरतो. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, आणि बहुतेकांत त्याचा उपद्रव छातींतील जळजळ व आंबट ढेकर यांपलीकडे जात नाहीं. क्वचित् मात्र जठर अन्ननलिकेच्या शेजारून वर चढतें, आणि मग त्यास पीळ पडण्याचा संभव असतो. दुसरी वाट जन्मजात. गर्भावस्थेंत पडदा पुरता जुळून आला नाहीं, तर छिद्र राहून जातें. पादुआचे मोर्गान्यी यांनीं अठराव्या शतकांत पुढच्या बाजूच्या, व प्रागचे बोखडालेक यांनीं १८४८ सालीं मागच्या बाजूच्या अशा दोषाचें वर्णन केलें. ते दोष आजहि त्यांच्याच नांवांनीं ओळखले जातात. मागच्या बाजूचा दोष बहुधा अर्भकावस्थेंतच प्रकट होतो. तथापि कांहींजणांत तो प्रौढ वयापर्यंत मुका राहतो.

तिसरी वाट दुखापतीची, आणि तीच सर्वांत दगलबाज. मोटारीच्या अपघातांत किंवा उंचावरून पडल्यानें पोटावर एकाएकीं दाब येऊन हा पडदा फाटतो; छातीच्या खालच्या भागांत सुरा वा गोळी लागल्यानें त्यास भोंक पडतें. उजव्या बाजूस यकृताची ढाल असते. म्हणून अवयव वर शिरण्याचा प्रकार डावीकडे अधिक आढळतो. बाहेरची जखम चार टांक्यांनीं भरून येते, माणूस कामाला लागतो, आणि सर्वजण तो प्रसंग विसरतात. आंतील भोंक मात्र सहसा आपोआप बुजत नाहीं. श्वास आंत घेतांना छातींतील दाब पोटांतील दाबापेक्षां कमी होतो. त्यामुळें पोटांतील अवयव त्या भोंकाकडे सतत ओढले जातात. महिने लोटतात, कधीं कधीं वर्षेंहि लोटतात, आणि एके दिवशीं आतड्याचा वेढा किंवा जठराचा भाग त्यांत सांपडतो.

फ्रान्सचा थोर शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे यानें १५७९ सालीं अशाच एका प्रसंगाची हकीकत नमूद केली आहे. एका फ्रेंच कप्तानास गोळी लागली होती. त्या जखमेंतून तो वांचला. परंतु सुमारें आठ महिन्यांनीं पोटाच्या विकारानें मरण पावला. शवविच्छेदन केलें तेव्हां मोठ्या आतड्याचा भाग मध्यपटलांतून छातींत गेलेला व कुजलेला आढळला. तें भोंक केवढें होतें? करंगळीचें टोंक जेमतेम जाईल एवढें! भोंक लहान म्हणून भय लहान, असा हिशेब येथें चालत नाहीं. अरुंद भोंकांत अडकलेलें आतडें अधिक आवळलें जातें, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि कांहीं तासांतच तें निर्जीव होऊं लागतें. पुढें तें फुटलें म्हणजे विष सर्वांगांत भिनतें.

हा आणीबाणीचा प्रसंग ओळखावा कसा? पोटाच्या वरच्या भागांत किंवा छातींत एकाएकीं तीव्र कळ येते. ती कधीं डाव्या खांद्याकडेहि जाते. वांत्या होतात, किंवा उमासे येऊनहि कांहींच बाहेर पडत नाहीं. दम लागतो, नाडी जलद चालते, वारा व शौच बंद होतात. जर्मन शस्त्रवैद्य बोर्खार्ट यांनीं १९०४ सालीं जठरास पडलेल्या पिळाचीं तीन लक्षणें सांगितलीं: पोटाच्या वरच्या भागांतील वेदना, कोरडे उमासे, आणि जठरांत नळी न जाणें. यांपैकीं पहिलीं दोन घरच्या माणसांसहि ओळखतां येतात.

अडचण अशी कीं, हीं लक्षणें इतर रोगांचा वेष घेऊन येतात. कोणास तो हृदयविकाराचा झटका वाटतो, कोणास साधें अजीर्ण. गरोदर स्त्रीच्या वांत्या तर गरोदरपणाच्याच म्हणून सोडून दिल्या जातात. छातींत फुगून बसलेलें जठर फुफ्फुसाभोंवतीं कोंडलेल्या हवेसारखें भासतें; आणि ती हवा काढण्यासाठीं छातींत नळी घातली, तर ती जठरांतच शिरण्याचा धोका असतो. अशा वेळीं वैद्यास सर्वांत मोलाची मदत होते ती घरच्या माणसाच्या एका वाक्याची: “यांना इतक्या वर्षांपूर्वीं अपघात झाला होता,” किंवा “यांच्या बरगडींत सुरा लागला होता.” रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितींत नसतो, आणि जुन्या जखमेचा आजच्या पोटदुखीशीं कांहीं संबंध असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. “त्या वेळीं क्ष-किरणांत कांहीं दिसलें नव्हतें,” यावरहि विसंबूं नये. दुखापतीच्या दिवशीं अवयव अद्याप वर सरकलेले नसूं शकतात.

म्हणून अपघातानंतर रुग्णालयांतून मिळालेलीं कागदपत्रें जपून ठेवावींत, व अशी लक्षणें दिसतांच रुग्णाबरोबर न्यावींत. त्यास अन्नपाणी, सोडा, एरंडेल, कांहींहि देऊं नये. पोट चोळूं नये. सकाळपर्यंत वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत व गोव्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिनें शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें. तेथें हृदयाचा आलेख, क्ष-किरण व सीटी स्कॅन यांनीं निदान होतें; नाकांतून नळी घालून जठराचा ताण उतरवितात; नंतर शस्त्रक्रिया करून अवयव स्वस्थानीं आणतात, निर्जीव भाग काढून टाकतात व भोंक शिवतात. आतडें जिवंत असतांनाच हें झालें तर रुग्ण बरा होण्याची आशा पुष्कळ असते; तें कुजल्यावर धोका अनेक पटींनीं वाढतो.

ज्यांस मोठी दुखापत होऊन गेली आहे, आणि ज्यांना जेवणानंतर छातींत जडपणा वा धाप वारंवार जाणवते, त्यांनीं तर आणीबाणीची वाटच पाहूं नये. सवडीनें तपासणी करून घ्यावी आणि जुनी जखम वैद्यास आपण होऊन सांगावी. स्वस्थ प्रकृतींत, ठरवून केलेली शस्त्रक्रिया ही मध्यरात्रीं घाईनें कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षां कितीतरी सुरक्षित असते.