लांडग्यावर आळ घेऊ नका

(नांदेडच्या युवक शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'रानात वाढलेली मुलं'. काहींना वाटेल, आपल्या चळवळीत हा विषय कशाला? अॅट्रॉसिटीवर बोला, गायरानावर बोला, स्कॉलरशिपवर बोला. त्यावर बोलूच. पण आज तीन वर्षांच्या लेकराबद्दल बोलायचंय. ते मोर्चात येत नाही, घोषणा देत नाही, मतदारयादीत त्याचं नाव नसतं. म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

लांडग्यांनी वाढवलेल्या पोरांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात. किप्लिंग नावाच्या गोऱ्या साहेबाने १८९४ साली मोगलीचं पुस्तक काढलं. त्याचा मोगली देखणा, हुशार, रानाचा राजा. आता खरा मोगली ऐका. १८६७ च्या सुमाराला उत्तर प्रदेशात शिकाऱ्यांना एक पोरगा सापडला. आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या अनाथालयात त्याला ठेवला, नाव ठेवलं शनिचर. १८९५ साली तो मेला. मरेपर्यंत त्याला बोलता आलं नाही. हा काही रानाचा राजा नव्हता, मित्रांनो. हे कुणीतरी टाकलेलं लेकरू होतं.

दुसरी गोष्ट बंगालमधल्या मिदनापूरची. १९२० साली सिंग नावाच्या पाद्र्याने सांगितलं, लांडग्याच्या गुहेतून दोन पोरी काढल्या. अमला आणि कमला. अमला वर्षभरात मेली, कमला १९२९ साली. जगभर गाजलं ते प्रकरण, कॉलेजच्या पुस्तकांत गेलं. पुढे लोकांनी कागदपत्रं तपासली, तेव्हा गुहा, लांडगे, सगळ्यावर शंका आली. पोरी जन्मतःच अपंग असाव्यात, आईबापांनी टाकलेल्या असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. आता बघा गंमत. पोर टाकतो समाज आणि गोष्टीत नाव येतं लांडग्याचं! एकदा लांडगा गोष्टीत आला की मग कुणी विचारत नाही, ह्या पोरीची आई कोण होती, तिने पोर का टाकलं, त्या गावात त्या साली दुष्काळ होता का. लांडगा आला की समाज सुटला.

तेव्हा लांडगे बाजूला ठेवू आणि माणसांकडे येऊ. १९७० साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळ, तेरा वर्षांची एक पोरगी सापडली. अभ्यासकांनी तिला जिनी हे खोटं नाव दिलं. बापाने तिला एका खोलीत खुर्चीला बांधून ठेवलेलं. आवाज केला की मार. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली ही गोष्ट. शास्त्रज्ञ धावले, तिला शिकवायला लागले. पोरगी पुष्कळ शब्द शिकली, पण ते जोडून नीट वाक्य करणं तिला कधी जमलं नाही. भाषेला वय असतं. पेरणीचा वाफसा निघून गेला की मग कितीही बी टाका, उगवण कमीच.

आता रुमानिया बघा. तिथल्या चाऊशेस्कू नावाच्या हुकूमशहाने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. लोकांना पोरं पोसवेनात, ती अनाथालयात आली. १९८९ साली त्याची सत्ता पडली तेव्हा लाखाच्या वर मुलं सरकारी अनाथालयांत होती. पुष्कळ ठिकाणी पोरांना खायला मिळत होतं, अंगावर कपडा होता. पण उचलून घेणारं कुणी नव्हतं, बोलणारं कुणी नव्हतं. कित्येक पोरं रडायची थांबली होती. रडून कुणी येत नाही हे त्यांना कळलं होतं. २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी पोरं पालक-कुटुंबांत दिली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालं ती पोरं पुष्कळ सावरली. उशीर झाला तसं सावरणं कमी झालं. मेंदूतल्या विजेची मोजणी केली, तर अनाथालयातल्या पोरांच्या मेंदूत ती मंद निघाली.

हे मी का सांगतो? कारण हे ऐकून पांढरपेशा माणूस लगेच म्हणेल, बघा, झोपडपट्टीतल्या बायका पोरांकडे लक्ष देत नाहीत, म्हणून ह्यांची पोरं 'ढ'. थांबा जरा. रुमानियाने उलटंच शिकवलंय. लेकराला मारते ती नुसती गरिबी नव्हे. मोळी बांधता बांधता लेकराशी बडबडणारी आमची माय त्या पक्क्या इमारतीतल्या सरकारी खाटेपेक्षा जास्त देते. प्रश्न असा आहे की तिला बडबडायला वेळ कोण ठेवतो?

आता आपल्या जिल्ह्यांत या. मुखेड, कंधार, लोहा घ्या. तिकडं लातुरात जळकोट, अहमदपूर घ्या. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात. मुकादमाची उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं दोन, हिशेब एकाचा! मग पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पहाटे अंधारात फडात जायचं, रात्री-बेरात्री गाडी खाली करून कोपीवर यायचं. लेकरू कुठं? एकतर गावात, डोळ्याने न दिसणाऱ्या म्हातारीजवळ. नाहीतर कोपीवर, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा गेली, ह्याचं बालपण गेलं. एका कोयत्यात दोन लेकरं कापली जातात.

शाळेतल्या पोरांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहं काढली. कुठं चालतात, कुठं कागदावर चालतात. पण तीन वर्षांच्या लेकराला वसतिगृहात कोण घेणार? त्याची अंगणवाडी गावात, ते फडात. अंगणवाडीच्या वहीत हजेरी एका गावाला आणि भूक दुसऱ्या गावाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर सांगितलं होतं. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या रजिस्टरात होतीच कुठे? ती मुकादमाची. साखर कारखान्याची, बाई मुकादमाची, आणि लेकरू कुणाचंच नाही.

हे नवं नाही. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बाळागोळी देऊन निजवून जायच्या. त्या आया निर्दय नव्हत्या. भोंगा निर्दय होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूतीच्या रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाईला बाळंतपणात विसावा मिळावा, खर्चाचा भार मालकानेही उचलावा. लेकराचा प्रश्न हा मजुरीचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आणि रानातली पोरं म्हणाल तर ती आपण पाहिलीत. १९७८ साली नामांतराच्या नावाने मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या. ह्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. माणसं लेकरं काखेत मारून रानोमाळ पळाली. तेव्हा रानात लांडगे नव्हते, मित्रांनो. गावात होते. त्या रात्री जे लेकरू आईच्या छातीशी थरथरत होतं, त्याच्या मनात काय शिरलं याचा पंचनामा कुठल्या तलाठ्याने केला?

कुणी म्हणेल, एवढ्या पोरांचं करायचं कसं? करता येतं! ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, हजारो मेले. तेव्हा पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन राहायची, शिकायची सोय केली. चांगलं काम चांगलं म्हणायला आपली जीभ झडत नाही. पण त्यातून शिकायचं हे की समाजाने ठरवलं तर पोरांची सोय होते. भूकंप एकदा झाला, सगळ्या देशाला दिसला. कोयत्याचा भूकंप दरवर्षी दसऱ्याला होतो. त्यात भिंत पडत नाही, म्हणून फोटो येत नाही.

आता कामाचं बोलतो.

दसऱ्याच्या आधी आपापल्या वस्तीत, तांड्यावर यादी करा. सहा वर्षांखालचं लेकरू कोण, ते कुठल्या कारखान्याला चाललंय, कुणाजवळ राहतंय. यादी अंगणवाडीताईला द्या, ग्रामपंचायतीला द्या, पोच घ्या. जिथं टोळी जाते तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव लागलं पाहिजे.

फडावर पाळणाघर मागा. भीक म्हणून नव्हे. ज्या उसाचा नफा कारखाना मोजतो त्याच उसात हे लेकरू झोपवलेलं असतं. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांसाठी फिरतं पाळणाघर सुरू केलं. सिमेंटच्या धुळीत जे झालं ते उसाच्या फडात का होऊ नये? आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम केलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली.

तिसरं, खर्च शून्य रुपये. रोज संध्याकाळी वस्तीतली लहान पोरं गोळा करा आणि त्यांच्याशी बोला. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, विचारा, उत्तराची वाट बघा. आपल्या बोलीत बोला. 'आमी', 'तुमी', 'हाय', 'न्हाय' चालेल. शुद्ध-अशुद्धचं भांडण मेंदूला ठाऊक नाही, त्याला बोलणारं माणूस पाहिजे.

आणि शेवटचं. कुठं एखादं लेकरू खांबाला बांधलेलं, खोलीत कोंडलेलं दिसलं, तर आईला शिव्या घालत सुटू नका. आधी बघा, ती कामावर गेली नाही तर चूल पेटते का. मग १०९८ ला फोन करा, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा, आणि त्या आईच्या बाजूने उभे राहा. लेकरू सोडवायचं असेल तर आधी आईचा दोर सोडवावा लागतो.

दसऱ्याला किती दिवस राहिले ते घरी जाऊन कॅलेंडरात बघा. तेवढेच दिवस आपल्या हातात आहेत.

जय भीम!