देऊळ, गर्दी आणि जनगणना

कार्तिकातला अखेरचा सोमवार आला की बंगळूरच्या बसवनगुडी भागात भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. या जत्रेला कन्नडमध्ये ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. कडलेकाई म्हणजे भुईमूग, परिषे म्हणजे जत्रा. सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी, गविपूर इत्यादी खेड्यांतील पिकाची एक बैल नासाडी करी. त्याला शांत करण्यासाठी शेतकरी हंगामाच्या पहिल्या शेंगा टेकडीवरील नंदीला वाहू लागले, अशी आख्यायिका आहे. देऊळ सोळाव्या शतकातील केंपेगौडाने बांधविले असे मानतात, आणि भुईमूग तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. परंतु आख्यायिकेला कालगणनेची अडचण सहसा जाणवत नाही.

त्या खेड्यांची आता नावेच उरली आहेत. 1898 च्या प्लेगनंतर दाट वस्तीतील लोकांसाठी बसवनगुडीची मोकळी आखणी झाली आणि शेते हळूहळू शहराच्या पोटात गेली. शेंगा आता दूरच्या जिल्ह्यांतून, शेजारच्या राज्यांतूनही येतात. जत्रा मात्र आटली नाही, उलट फुगली. ही गर्दी धर्मनिष्ठेची खूण मानावी काय?

पाश्चात्य देशांत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. तेथे चर्चला सभासदांची नोंद असते आणि रविवारची हजेरी मोजता येते. अमेरिकेतील गॅलप संस्थेच्या पाहणीत 1999 साली सुमारे 70 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. 2020 साली ते प्रमाण 47 टक्क्यांवर आले. इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे 2001 साली 71.7 टक्के होते, ते 2021 साली 46.2 टक्के उरले. म्हणजे प्रथम बाके ओस पडली आणि मागाहून जनगणनेतले नावही पुसले जाऊ लागले.

आपल्याकडे हा हिशेब लागू पडत नाही. बसवनगुडीच्या नंदीला सभासद नाहीत. कर्नाटकात 34 हजारांहून अधिक देवळे सरकारच्या मुजराई खात्याकडे आहेत. त्या खात्याच्या वहीत हुंडीतले रुपये चढतात, माणसे चढत नाहीत. जनगणनेतला धर्माचा रकाना बहुधा जन्माबरोबरच भरला जातो. 2011 साली धर्म न नोंदविलेले लोक देशात पाव टक्क्याच्या आतच होते. वर्षानुवर्षे देवळाची पायरी न चढणाराही त्या रकान्यात निःसंकोच हिंदू असतो. त्या रकान्याविषयी वाद होतो तो वेगळ्याच कारणाने. लिंगायतांना स्वतंत्र धर्माची मान्यता द्यावी, अशी शिफारस कर्नाटक सरकारने 2018 च्या मार्चमध्ये केली, तेव्हा प्रश्न हजेरीचा नव्हता, नावाचा आणि हक्काचा होता.

सभासदत्वाच्या जवळ जाणारी गोष्ट याच परिसरातील माध्व मठांत दिसते. पंढरीची वाट ज्या आषाढी एकादशीला गजबजते, त्याच दिवशी येथील मठांपुढे रांगा लागतात. स्वामींच्या हातून शंखचक्रांच्या तापविलेल्या मुद्रा अंगावर उमटवून घ्यायच्या असतात. उत्तरादी मठाच्या शिष्यशाखेत महाराष्ट्रातील देशस्थ घराणीही आहेत. येथे कोणाचा शिष्य कोण, हे ठरलेले असते. तरीही मुद्रा घेऊन परतलेला शिष्य पुढील वर्षभर किती वेळा मठात गेला, हे कोणी विचारीत नाही.

‘पूर्वी देवळे भाविकांनी भरत’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. पूर्वी अनेकांना आत येण्याचीच मुभा नव्हती. पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. अस्पृश्यतेला शिक्षा ठरविणारा कायदा 1955 साली आला. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांची अनुपस्थिती श्रद्धेच्या ओहोटीत मोजता येणार नाही आणि त्यांचे आजचे येणे ही नुसती भरतीही नव्हे. गतकाळच्या हजेरीशी आजची हजेरी ताडून पाहणे, म्हणूनच, अर्धवट काम ठरते.

2020 च्या मार्चअखेर देशभरची प्रार्थनास्थळे बंद झाली, ती जूनच्या 8 तारखेपासून उघडू लागली. मधल्या काळात हजेरी शून्य होती. चर्चमध्ये अशा खंडानंतर किती सभासद परतले याची मोजदाद होते. बसवनगुडीत पुजाऱ्याची नित्यपूजा हीच काय ती सलगता.

बदलले आहे ते येण्याचे कारण. सुंकेनहळ्ळीचा शेतकरी येई तो पीक वाचावे म्हणून. न येणे त्याला परवडणारे नव्हते. आजचा नागरिक मुलाला नंदी दाखवावा, शेरभर शेंगा घ्याव्यात, पाळण्यात बसावे म्हणून येतो आणि जाता जाता हात जोडतो. त्याचे हात जोडणे खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? पण तो आला नाही, तर त्याचे काही बिघडत नाही.

ज्याचे बिघडते असा एक मनुष्य या गर्दीत अजूनही असतो. पोती लादून दूरच्या गावाहून तो आदल्या रात्रीच येतो, रस्त्याच्या कडेला शेंगांच्या राशीशेजारी आडवा होतो आणि पाऊस न येवो म्हणून आकाशाकडे पाहतो. भाविकांची मोजणी कोणी केलीच, तर त्याची नोंद बहुधा विक्रेता म्हणून होईल.