चळवळीच्या आठवणी लिहिताना

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



चळवळीबद्दल लिहिताना आपण सहज 'आम्ही' म्हणतो. आम्ही मोर्चा काढला, आम्ही लाठ्या खाल्ल्या. या 'आम्ही'त नेमके कोण होते आणि लिहिणारा स्वतः कोठे उभा होता, एवढाच प्रश्न आम्हाला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

महाडचेच घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे लहान मूलही सांगेल. परंतु परिषदेस लोक किती होते? हा आकडा निरनिराळ्या लेखनांत अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत आढळतो. लिहिणारे खोटे बोलत होते असे नव्हे; गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ती अफाटच दिसते. पण पुढचा वक्ता मोठाच आकडा उचलतो. त्याच दिवशी, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मार आपल्या माणसांनी खाल्ला. ऐकीव गोष्टीची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

डिसेंबरची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन प्रत्येक भाषणात येते, आणि ते यावेच. पण ती परिषद मुळात तळ्यावर सत्याग्रह करण्यासाठी भरली होती. विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. लोक तुरुंगात जाण्यास तयार होते, तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला व तो परिषदेने मानला. सांगणारे हे बहुधा गाळतात. माघार वाटते ना! वास्तविक त्या निर्णयानंतरच कोर्टाचा लढा चिकाटीने चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपली बाजू जिंकली. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादिकालापासून आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. त्यांच्या कथेला पुरावा नव्हता. मग आपल्या कथेला तरी तो का मागू नये?

पहिल्या परिषदेच्या संयोजकांपैकी एक, आर. बी. मोरे, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. म्हणून त्यांच्या आठवणी बाद करावयाच्या काय? मुळीच नाही. त्यांचा पक्ष ध्यानात ठेवून वाचाव्यात, इतकेच. आपल्या मताच्या माणसाच्या आठवणींनाही हाच नियम लावावा. तेथे आपण फार ढिलाई करतो.

आणि स्त्रिया? ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले. महाडनंतर बासष्ट वर्षांनी! शीर्षकातला तो 'ही' आपल्या पुरुषी 'आम्ही'ला उद्देशून आहे, असे आम्ही समजतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. तेव्हा विशीत असलेले आज सत्तरीकडे झुकले आहेत. विद्यार्थ्यांनी यंदा त्यांच्याकडे जावे. पाहिलेले एका पानावर व ऐकलेले दुसऱ्या पानावर लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर मध्यम मार्ग काढू नये, दोन्ही नावांनिशी ठेवावे. घरातल्या आजीला वगळू नये. घर जळाले तेव्हा कदाचित तीच घरात होती. वह्या संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत.