पहिली फटफटी आणि बदलाचा मोह



आमच्या महाळुंगे पडवळ गांवीं एखादा तरुण पहिली वेगवान फटफटी आणतो, आणि आठवड्याच्या आंत विचारूं लागतो : सायलेन्सर बदलूं का? टायर रुंद बसवूं का?

माझें उत्तर असें कीं, आधीं वाहन ओळखावें. त्याचीं चाकें, ब्रेक व चौकट एकमेकांशीं जुळविलेलीं असतात. टायर रुंद केला कीं वळणावर झुकण्याची तऱ्हा पालटते. सायलेन्सर मोकळा केल्यानें आवाज वाढतो, शक्ति वाढतेच असें नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्राशीं विसंगत असा बदल करूं देत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

पैसा खर्चावयाचाच तर तो चांगलें शिरस्त्राण, हातमोजे आणि मूळ मापाचेच उत्तम टायर यांवर खर्चावा. आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबण्याचा सराव करावा.

हुतात्मा बाबू गेनू याच गांवचे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढें ते कशासाठीं आडवे झाले, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. प्राण पणास लावण्याजोगें कारण सायलेन्सरच्या आवाजांत सांपडत नाहीं.