टांगा होता, हाकणारा मिळेना

चाळीसगाव स्टेशनात धुळ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो की मला एक टांगा हटकून आठवतो.

गोष्ट 1929 सालची. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. बॅरिस्टर तर ते होतेच. शिवाय 1927 पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. महार वतनासंबंधीचे विधेयक त्यांनी 1928 मध्ये तिथे मांडले होते. समितीच्या कामात खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या वाट्याला आले.

धुळे मार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परतले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन आली होती. वस्ती दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. बाहेर टांगे उभे होते, तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे बिनकठड्याच्या फरशीपुलावर घोडा उधळला आणि चाक कडेच्या दगडावर आपटले. बाबासाहेब फरशीवर फेकले जाऊन बेशुद्ध पडले. घोड्यासकट टांगा नदीत गेला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

खरे कारण मागाहून कळले. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. आपल्या माणसाला पायी न्यावे, हे वस्तीला पटेना. मग तडजोड झाली: टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा आणा. जो हाकायला बसला, त्याला सवय नव्हती.

अमेरिकेतल्या रॉबर्ट स्मॉल्सची हकीकत अशीच आहे. यादवी युद्धात नाव कमावलेल्या या कृष्णवर्णीयाला 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या ट्राममध्ये जागा सोडायला सांगितले गेले. पुढे 1868 मध्ये तो साऊथ कॅरोलिनाच्या कायदेमंडळात गेला. त्याला आधी ट्रामने अडवले, मग कायदेमंडळाची जागा मिळाली. बाबासाहेबांना ती मिळालेली असूनही टांगा मिळेना.

बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. नवख्या हाकणाऱ्यावर त्यांनी राग धरलेला नाही. बॅरिस्टर झाला तरी अस्पृश्य आपल्याहून खालचा, असे साध्या टांगेवाल्यालाही वाटते, हे त्यांनी नोंदवले.

आमच्याकडे याला ‘चाळीसगावचा अपघात’ म्हणतात. मीही बरीच वर्षे तेच म्हणत आलो. ती आठवण वाचली, आणि तो शब्द वापरायचे सोडले.